गणेशखिंड: लाटसाहेबाच्या बंगल्यापासून ललित कला केंद्रापर्यंत

इयरफोन लावलेत? चला, सुरू करू.

आपल्या धाराशिवची कितीतरी पोरं आज पुण्यात आहेत. नोकरी हिंजवडीत, बाणेर-औंधला तिघा-चौघांत एक फ्लॅट, आणि रोज संध्याकाळी विद्यापीठ चौकात ट्रॅफिक. मीही त्यातलाच. २०२० मध्ये तिथले उड्डाणपूल पाडले, मेट्रोचं काम लागलं, आणि त्या चौकाला शिव्या देणं हा आपला रोजचा उद्योग झाला. पण चौकाच्या आत, त्या झाडीत काय काय घडून गेलंय, ते आज सांगतो.

या भागाचं जुनं नाव गणेशखिंड. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली ती याच माळावर. दुसरा बाजीराव ती लढाई पर्वतीवरून बघत होता म्हणतात. पेशवाई हरली आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढे इंग्रजांनी इथेच मुंबईच्या गव्हर्नरसाठी बंगला बांधला. काम १८६४ ला सुरू झालं, १८७१ ला संपलं. पावसाळ्यात लाटसाहेब इथे मुक्कामाला. आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण जिच्यासमोर सेल्फी काढतो, ती हीच.

२२ जून १८९७ च्या रात्री या बंगल्यात राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाल्याचा समारंभ होता. तो आटपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या तपासणीत लोकांच्या घरात घुसून जे चाललं होतं, त्याचा तो राग होता. म्हणजे बघा, बंगल्यात मेजवानी आणि गावात प्लेग!

स्वातंत्र्यानंतर हा बंगला आणि भोवतालची जमीन विद्यापीठाला मिळाली. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. आणि याच आवारात १९८७ ला ललित कला केंद्र सुरू झालं. संगीत, नृत्य, नाटक या तिन्हींची रीतसर पदवी. नावापुढे शब्द जोडला 'गुरुकुल'.

या शब्दावर जरा थांबू. आपल्या तुळजापूरचा गोंधळी घ्या. संबळ कसा वाजवायचा, दिवटी कशी धरायची, आख्यान कुठे लांबवायचं, हे पोरगं बापाच्या मागे बसून शिकतं. कला घरातच राहते, टिकते. पण त्या घरात जन्मलेला नसेल त्याने कुठे जायचं? शास्त्रीय गाण्याचंही बरंचसं असंच: घराणं हवं, गुरूने पदरात घ्यायला हवं. विद्यापीठाने गुरूसमोर बसून शिकणं तसंच ठेवलं, फक्त दार प्रवेशपरीक्षेचं केलं. कुणाच्याही पोरीला, पोराला अर्ज भरता येतो. माझ्या मते या संस्थेचं सगळ्यात मोठं काम हेच. चिंचवडची मुक्ता बर्वे इथूनच शिकून बाहेर पडली.

१९९६ मध्ये सतीश आळेकर केंद्राचे संचालक झाले आणि २००९ पर्यंत राहिले. 'महानिर्वाण' लिहिणारा हा माणूस मूळचा बायोकेमिस्ट्रीचा. बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये वीसेक वर्षं नोकरी, आणि बाजूला नाटक. आपल्यासारख्या इंजिनिअरांना यातून थोडा धीर यायला हरकत नाही!

आळेकर थिएटर अकॅडमीच्या संस्थापकांपैकी एक. ही संस्था कशी निघाली? 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला रंगमंचावर आलं. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून पुण्यात गदारोळ झाला, आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच नाटक थांबवलं. मग कलाकार मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० ला तेच नाटक युरोपात गाजलं.

आता फेब्रुवारी २०२४. ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं एक नाटक चालू होतं, रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर. धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप घेत एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग बंद पाडला. गुन्हा दाखल झाला. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला.

नाटक आवडलं नाही तर बोला, लिहा, उठून जा. तो प्रेक्षकाचा हक्कच. पण शिकणाऱ्या पोराला वर्गातून पोलीस ठाण्यात जावं लागलं, तर पुढच्या वर्षीचं पोरगं काय करेल? सेफ स्क्रिप्ट घेईल. त्याहून वाईट म्हणजे, गावाकडचा बाप अर्जच भरू देणार नाही. ज्याच्या घरात कला नाही त्याच्यासाठी उघडलेलं दार असंच हळूहळू बंद होतं, कुलूप न लावता.

२०१७ ला अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आपल्या उस्मानाबादला झालं होतं. मांडव गेला, पण ते बघून नाटकवेडी झालेली पोरं आहेतच. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर हा भाग त्याला पाठवा, आणि त्याच्या बापालाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात!