इक्वलायझरमध्ये ‘इक्वल’ काय असतं?

हेडफोन लावलेच आहेत, तर फोनमधला इक्वलायझर उघडा आणि सांगा, यात ‘इक्वल’ म्हणजे समान काय आहे?

उत्तर टेलिफोनच्या तारांत आहे. लांबच्या तारेतून आवाज जाताना वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त गळतात, खालच्या कमी. पलीकडे माणूस घोंगडीखालून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून इंजिनिअर गळतीच्या बरोबर उलट वागणारं सर्किट जोडायचे, की सगळं पुन्हा समान. मूळ काम हे, भरपाईचं. ‘बेस बूस्ट’ नंतरचं लाड.

घरच्या सेटवर खरी मजा आणली पीटर बॅक्सन्डल या ब्रिटिश इंजिनिअरने. 1952 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्याने टोन कंट्रोलचं सर्किट छापलं. बेसचं एक बटण, ट्रेबलचं एक. दोन्ही वाढवता येतात, कमीही करता येतात, आणि मधोमध ठेवली की आवाज जसाच्या तसा. आलेख काढला तर रेघ चढते आणि मग फळीसारखी सपाट जाते. म्हणून नाव शेल्फ. मासिकातच छापलेलं, त्यामुळे घरी सोल्डरिंग करणाऱ्या हौशी लोकांच्याही हाती लागलं. मला ही गोष्ट सर्किटइतकीच मोठी वाटते.

पण फळीची अडचण अशी, की ती सरसकट सगळं उचलते. छोट्या खोलीत रेकॉर्ड केलं की आवाज एखाद्याच ठिकाणी घुमतो. तिथे बेसची फळी खाली केली तर घुमणं जातं आणि आवाजातलं वजनही जातं.

1972 मध्ये, लॉस एंजेलिसला ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात जॉर्ज मॅसनबर्गने ‘पॅरामेट्रिक’ इक्वलायझरवर पेपर वाचला. वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे आपल्यातलाच! यात तीन गोष्टी हाताशी: कोणती फ्रीक्वेन्सी, किती डेसिबल, आणि क्यू, म्हणजे टेकडी अरुंद की पसरट. तिन्ही स्वतंत्र. श्रेयाचं विचाराल, तर बर्जेस मॅकनील, बॉब म्यूशॉ आणि डॅनियल फ्लिकिंगर यांचाही दावा होऊ शकतो, असं मॅसनबर्ग स्वतःच सांगतो. टेकमध्ये असं किती जण म्हणतात?

मग हे सगळं कोडमध्ये आलं. रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सनने शेल्फ आणि पॅरामेट्रिक टेकडीची गणितं एका ‘कुकबुक’मध्ये मांडली, कुणीही घ्यावीत अशी. एका फिल्टरला दर सॅम्पलमागे जेमतेम पाच गुणाकार लागतात. 44,100 सॅम्पल प्रति सेकंद असले तरी फोनला घामही फुटत नाही. तुमच्या ब्राउझरच्या वेब ऑडिओमध्ये आज तीच सूत्रं आहेत.

आणि एवढं हातात असून आपण काय करतो? दोन्ही टोकं वर, मधलं खाली, असा तयार प्रीसेट! माणसाचं बोलणं बरंचसं त्या मधल्या भागातच असतं हो. गाण्याचे शब्द तिथेच बुडतात.

या भागात माझ्या आवाजातून 250 हर्ट्झपाशी 3 डेसिबल कमी केलेत, क्यू 1. आवाज पातळ वाटला तर कळवा, पुढच्या वेळी दीडवर आणतो.