रविवारचा पंच

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या रविवारी असते, आणि रविवारी सकाळी आमची उपासना. त्यामुळे नाताळचे तारे उतरतात न उतरतात तोच तरुण संघात दरवर्षीचा वाद पेटतो: ख्रिस्ती माणसानं प्रभूच्या दिवशी पळावं का? मी उभी हयात क्रीडाशिक्षक म्हणून काढली आणि संडे स्कूलही घेतो, म्हणून दोन्ही पक्ष मलाच ओढतात. थोड्याच वेळात धावपटू एरिक लिडेलचं नाव निघतं. काढणारा बहुधा त्याच्यावरचा १९८१ चा सिनेमा ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ पाहून आलेला असतो.

सिनेमा चांगलाच आहे. फक्त त्यात लिडेलला १९२४ च्या ऑलिंपिकसाठी पॅरिसच्या बोटीवर चढताना कळतं की १०० मीटरची हीट रविवारी आहे, आणि तो पळायला नकार देतो. खरं तर वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होतं. मास्तरच्या नजरेतून पाहिलं तर सगळी गोष्टच इथं बदलते. बोटीवर नकार द्यायला तडफ लागते; महिनोन् महिने आधी दिलेला नकार रोज मैदानावर जाऊन निभवावा लागतो. १९२३ साली १०० यार्ड ९.७ सेकंदांत पळून ब्रिटिश विक्रम करणारा हा गडी. त्याला आता ४०० मीटरसाठी अंग तयार करायचं होतं. ज्यानं पोरं पळवली आहेत त्याला विचारा. शंभरवाला चारशेला उतरवला की तीनशेपर्यंत राजा असतो, पुढं मांड्या दगड होतात.

६ जुलै १९२४ च्या रविवारी तो पळाला नाही. २०० मीटरमध्ये त्याला कांस्य मिळालं. ११ जुलैला, शुक्रवारी, ४०० मीटरच्या फायनलला सगळ्यात बाहेरची लेन वाट्याला आली. म्हणजे बाकीचे सगळे पाठीमागे, कोण किती जवळ आलाय ते दिसायची सोय नाही. तो पहिल्यापासून शंभरासारखाच सुटला आणि ४७.६ सेकंदांत जिंकला. नवा ऑलिंपिक विक्रम. (भारताचा संघही त्याच पॅरिसला होता. तो घेऊन गेले होते हॅरी क्रो बक, मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे संस्थापक. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना हे नाव परकं नाही.)

धावण्याचा आणि विश्वासाचा सांधा अर्थात लिडेलनं जुळवलेला नव्हे. तो करिंथचा. करिंथजवळ दर दोन वर्षांनी समुद्रदेव पोसायडनच्या नावानं इस्थमियन खेळ भरत. प्रेषित पौल तिथं दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरलं. इ. स. ५१ चे खेळ त्याच्या मुक्कामात आले असावेत, आणि जत्रेला लोटलेल्या लोकांना तंबू तर लागणारच. विजेत्याला मुगुट मिळे तो पाइनच्या पानांचा किंवा रानटी सेलरीचा, तीही सुकवलेली. पुढं करिंथकरांना लिहिताना पौल नाशवंत मुगुटासाठी सगळ्या बाबतींत स्वतःला आवरणाऱ्या खेळाडूंचा दाखला देतो, तो त्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातला. पाळक या अध्यायावर उपदेश करताना मुगुटावर फार वेळ थांबतात. मला त्यातलं आवरणं महत्त्वाचं वाटतं.

लिडेलला ते टॉम मॅककर्चरनं शिकवलं. हा एडिंबरोचा ट्रेनर. अंग पाहून त्यानं पहिल्याच दिवशी निकाल दिला की स्नायू फार कडक आहेत, मालिश करून मऊ करावे लागतील. मग थोडं पळून दाखवायला सांगितलं. लिडेल पळाला आणि शेवटी गप्पकन थांबला. त्यावर बोलणी बसली: असं एकाएकी थांबलास तर शरीर मोडेल. फीत ओलांडली तरी पावलं टाकत राहायची, हळूहळू वेग उतरवायचा. दर बॅचला हे सांगून माझा घसा बसलाय. पोरांना फीत दिसते, पुढचं मैदान दिसत नाही.

सिनेमालाही दिसलेलं नाही. लिडेल जन्मला होता चीनमधल्या तियानजिनला, मिशनरी आईबापांच्या पोटी, १९०२ साली. पदकानंतर वर्षभरात तो तिकडेच परतला. कॉलेजात विज्ञान शिकवलं. १९३७ पासून युद्धानं पिळून निघालेल्या खेड्यांत काम केलं. १९४१ मध्ये गरोदर बायकोला आणि दोन मुलींना कॅनडाला धाडलं; तिसरी मुलगी त्याला कधीच दिसली नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या नजरकैदेच्या छावणीत टाकलं. तिथं मिशन शाळेची आईबापांपासून तुटलेली पोरं होती. हा त्यांचा ‘अंकल एरिक’ झाला. तो त्यांना विज्ञान शिकवी, त्यांचे खेळ घेई आणि हॉकी स्टिक दुरुस्त करी. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्याचा नेम तिथंही होता.

रिकाम्या रविवारी पोरांनी आपली आपण हॉकीची मॅच लावली. पंच नाही. शेवट मारामारीत झाला. त्यानंतरच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला.

आमच्या वादात हा प्रसंग सांगितला की दोन्ही पक्ष गप्प होतात आणि थोडे नाराजही. कुणाला वाटतं तो डगमगला, कुणाला वाटतं आधीचाच हट्ट चुकला. मला दोन्ही पटत नाही. पॅरिसला नेम पाळण्याची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून जात होती. छावणीत ती पोरांनी भरली असती. वीस वर्षांत माणूस एवढा पुढं सरकला, आणि विश्वासात वाढणं म्हणतात ते मला इथंच दिसतं, फायनलमध्ये नव्हे.

२१ फेब्रुवारी १९४५ ला तो छावणीतच गेला. मेंदूत गाठ होती. वय ४३. छावणी सुटली त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

मरणाच्या काही आठवडे आधी त्यानं आपले झिजलेले, डागडुजी केलेले पळायचे बूट स्टीफन मेटकाफ नावाच्या एका पोराला दिले, कारण थंडी होती आणि त्या पोराच्या पायात धड काही नव्हतं. याच पोरांच्या बायबल वर्गात ‘शत्रूंवर प्रीती करा’ हे वचन निघालं होतं, आणि दारावरच्या जपानी पहारेकऱ्यांच्या बाबतीत ते जमणार कसं, असा प्रश्न आला होता. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लागा, असं लिडेलनं सांगितलं. मेटकाफनं सुरुवात केली. युद्धानंतर तो मिशनरी झाला आणि गेला तो जपानला.