कुमसार

गोव्यात कॅथलिक माणूस पाद्रीपुढे आपली पापे सांगतो, त्याला कोकणीत ‘कुमसार’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज ‘कोंफेसार’. त्यामागे लॅटिन ‘फातेरी’, म्हणजे मान्य करणे. वर्षातून एकदा तरी हे करावेच, असा नियम चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला. मला मात्र नव्या करारातला ग्रीक शब्द अधिक भिडतो: ‘होमोलोगेओ’, तेच म्हणणे. देव ज्याला लोभ म्हणतो, त्याला मीही लोभच म्हणायचे, काटकसर नव्हे. लपवलेले पाप बहुधा अशा सभ्य नावाखालीच वर्षानुवर्षे तग धरते. मराठी बायबल तर पापे ‘पदरी घ्यायला’ सांगते. किती नेमके! आणि पदरी घेतलेले बाहेर फुटण्याची भीती नको: कुमसारात ऐकलेले पाद्रीने कुणालाही, अगदी न्यायालयालाही सांगायचे नसते.