लुकलुकणारा दिवा कोणी लावला?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. शाळेत मुलं आर्डुइनोचा बोर्ड संगणकाला जोडतात, चार ओळी लिहितात आणि एक छोटासा एलईडी लुकलुकायला लागतो. हा दिवा मुळात लावला कोणी?

त्यासाठी आपल्याला उत्तर इटलीतल्या इव्रेआ गावी जावं लागेल. हे ऑलिव्हेत्तीचं गाव. १९०८ मध्ये इथे टाइपरायटरचा कारखाना निघाला. शतक सरताना ते वैभव ओसरलं, आणि २००१ मध्ये तिथे इंटरॅक्शन डिझाइन शिकवणारी संस्था सुरू झाली. विद्यार्थी बहुतेक डिझाइनचे. मायक्रोकंट्रोलर म्हटलं की डेटाशीट आणि रजिस्टर आडवी येत. बेसिक स्टॅम्प नावाचा सोपा बोर्ड होता, पण तो खिशाला जड आणि ताकदीला बेताचा.

२००३ मध्ये एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने हाच प्रश्न प्रबंधासाठी घेतला. मार्गदर्शक होते मास्सिमो बांझी आणि केसी रीस. रीस यांनी बेन फ्राय यांच्यासोबत प्रोसेसिंग ही सोपी प्रोग्रॅमिंग भाषा आधीच घडवली होती. बारागानने तोच सोपेपणा सर्किटपर्यंत आणला. त्याने नाव दिलं वायरिंग. पिनमोड, डिजिटलराइट, सेटअप, लूप हे आज मुलं गिरवतात ते शब्द वायरिंगमधले.

२००५ मध्ये बांझी, डेव्हिड मेलिस आणि दाविद क्वार्तिएयेस यांनी स्वस्त एटीमेगा८ चिप घेऊन वायरिंगला फाटा फोडला. गावातल्या एका बारचं नाव त्याला दिलं. ते नाव मूळचं १००२ मध्ये गादीवर बसलेल्या आर्डुइन राजाचं. या चमूत बारागान नव्हता. २०१६ मध्ये त्याने आपली बाजू जाहीरपणे लिहिली.

आता निवाडा काय करायचा? वायरिंग मुक्त स्रोताचं होतं, म्हणजे फाटा फोडायला कायद्याची आडकाठी नव्हती. स्वस्त बोर्डामुळेच ही विद्या शाळाशाळांत पोचली, हेही खरं. पण परवानगी असणं वेगळं आणि ऋण मान्य करणं वेगळं, असं आम्हाला वाटतं.

शिकवणाऱ्यांसाठी यात एक धडा आहे. ऊनो बोर्डावर १३ नंबरच्या पिनेचा एलईडी आणि त्याचा रेझिस्टर आधीच बसवलेले असतात. मुलाला ओहमचा नियम भेटतच नाही. म्हणून दुसऱ्या तासाला एलईडी ब्रेडबोर्डवर लावायला सांगा. पिनेतून ५ व्होल्ट येतात, लाल एलईडी सुमारे २ घेतो, उरले ३. २२० ओहमचा रेझिस्टर लावला तर करंट साधारण १४ मिलिअँपिअर. हा हिशेब मुलांना स्वतः करू द्या.

सोपं करून देणाऱ्याचे श्रम दिसत नाहीत. ते अधूनमधून उघडून दाखवणं, हे शिक्षकाचंच काम. आता तुमचे प्रश्न घेऊ.