चतुर पंडिताची साक्ष

गवयांच्या किश्शांत नायक बहुधा गाणाराच असतो. शंका घेणारा शास्त्री अखेरीस निरुत्तर होतो आणि मैफल दाद देते. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या १९०४ मधील दक्षिणयात्रेत मात्र शंका घेणाराच कथेच्या मध्यभागी आहे.

भातखंडे व्यवसायाने वकील. कर्नाटक संगीताच्या जाणकारांना गाठून ते रागलक्षणांविषयी विचारीत आणि उत्तराला ग्रंथाधार मागत. जणू उलटतपासणीच! एकाचा पुरावा पोथीत, दुसऱ्याचा गळ्यात. या प्रवासातला विनोद ह्या विसंवादातून उपजतो.

एट्टयपुरम येथे त्यांना सुब्बराम दीक्षित भेटले. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातील या विद्वानाचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू ग्रंथ त्याच वर्षीचा. वेंकटमखीच्या ‘चतुर्दंडी प्रकाशिके’चे हस्तलिखित भातखंड्यांना मिळाले ते त्यांच्याचकडून. त्यातील बहात्तर मेळांच्या विचाराचा आधार घेऊन पुढे हिंदुस्थानी रागांचे दहा थाट उभे राहिले.

मुत्तुस्वामींविषयी एक आख्यायिका आहे. तिरुत्तणीला एका वृद्धाने त्यांच्या मुखात खडीसाखर घातली. तो साक्षात सुब्रह्मण्य होता आणि त्या क्षणी पहिली कृती स्फुरली. त्यांच्या रचनांत ‘गुरुगुह’ ही मुद्रा येते, ती त्याच देवाच्या नावाची. वकिलाच्या लेखी ही कथा पुरावा ठरणार नाही. पण रचना कोणाची, या प्रश्नाला परंपरेने दिलेले ते उत्तर आहे.

गंमत पुढेच आहे. उत्तरेतील प्रचलित गायन जुन्या संस्कृत ग्रंथांशी जुळेना, तेव्हा भातखंड्यांनी त्याची लक्षणे सांगणारा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ संस्कृतात स्वतःच रचला आणि कर्ता म्हणून ‘चतुर पंडित’ हे नाव योजिले. पुढे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या गुरुशिष्यसंवादरूप मराठी ग्रंथात याच पंडिताची वचने प्रमाण म्हणून उद्धृत केली. दक्षिणेत साक्षीदार शोधणाऱ्या वकिलाने वेषांतर करून स्वतःच साक्ष दिली!

याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. संस्कृत वचनावाचून रागाला प्रतिष्ठा न देणाऱ्या समाजाला त्यांनी त्याच्याच भाषेत उत्तर दिले. तरीही दहा थाट शिकविताना चतुर पंडिताचा किस्सा विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. शास्त्रालाही कर्ता असतो आणि त्या कर्त्याला एखादी मुद्रा घ्यावी लागते, हे त्यांना त्यातून उमगेल.