दारूगोळ्याजवळचा माणूस

लखनौमधील अमीनाबाद ही पेठ अवधचा बादशहा अमजद अली शहा याचा वजीर अमीनुद्दौला याने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात वसविली. चिकनच्या कापडाची व पुस्तकांची दुकाने आणि अरुंद गल्ल्या यांसाठी ती प्रसिद्ध आहे. अशा दाट वस्तीत फटाके विकावयाचे झाल्यास दुकानदाराला परवाना काढावा लागतो; माल किती ठेवावा आणि कसा ठेवावा, यावर निर्बंध असतात. या बंधनांचे मूळ 1884 च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यात आहे. विक्रेता, गिऱ्हाईक आणि शेजारी या तिघांनाही त्याचा आधार मिळतो. परंतु ज्याचा अवघा दिवस दारूगोळ्याच्या सहवासात जातो, त्या सैनिकाला कायद्याचा आधार कितपत मिळाला? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास प्रथम याच शहराच्या इतिहासात डोकवावे लागते.

1858 च्या मार्च महिन्यात इंग्रज फौजांनी लखनौ पुन्हा जिंकले. शहराच्या पश्चिम भागातील जामा मशिदीच्या आवारात त्यांना सुमारे नऊ गाड्या भरतील इतकी बंदुकीची दारू सापडली. ती नष्ट करण्याचा हुकूम सुटला. दिनांक 17 मार्च रोजी जवानांची रांग लावून दारूचे डबे हातोहात पुढे देण्यात येऊ लागले आणि एका खोल विहिरीत टाकण्यात येऊ लागले. त्यांतील एक डबा विहिरीच्या कडेवर आपटला, ठिणगी उडाली आणि ज्वाळा विहिरीतून वर येऊन रांगेतील डब्यांपर्यंत पोहोचली. क्लार्क व ब्राउनलो हे दोन इंजिनिअर अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे वीसहून अधिक जवान त्यात प्राणास मुकले. तेथे शत्रू नव्हता, लढाई नव्हती. होती ती केवळ घाई. दारूच्या कोठारात लोखंडी खिळ्यांचे जोडे घालू नयेत, ठिणगी पाडणारे हत्यार वापरू नये, हा संकेत त्या काळच्या प्रत्येक तोफखान्याला ठाऊक होता. विहिरीच्या दगडी कडेचा विचार मात्र कोणाला सुचला नाही.

या घटनेनंतर सव्वीस वर्षांनी हिंदुस्थानात स्फोटक द्रव्यांचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये 1875 साली असाच कायदा झालेला होता. हिंदी कायद्याने दारूची निर्मिती, साठवण, वाहतूक व विक्री यांवर नियंत्रण घातले. तथापि त्याच्या चौदाव्या कलमाने सरकारी सैन्यदलांना या कायद्यातून वगळले; सरकारने केलेल्या नियमांनुसार त्यांनी वागावे, एवढेच सांगितले. त्यातील नवव्या कलमान्वये सैन्याच्या ताब्यातील जागी अपघात झाल्यास त्याची चौकशी सैन्याचेच अधिकारी करतात. इतरत्र मनुष्यहानी झाल्यास ती मॅजिस्ट्रेटकडे जाते. यामागे कारण नव्हते असे नाही. परवान्याची वाट पाहत सैन्य लढू शकत नाही. पण याचा परिणाम असा झाला की, दुकानदाराच्या सुरक्षिततेला कायद्याचे बळ आले आणि शिपायाची सुरक्षितता खात्याच्या नियमांवर राहिली.

पुढे 1903 साली संरक्षणविषयक बांधकामांचा कायदा आला. किल्ल्याच्या बाहेरच्या तटाच्या माथ्यापासून दोन हजार, एक हजार व पाचशे यार्ड अशा तीन मर्यादा त्याने आखल्या आणि त्यांच्या आत घरे बांधण्यावर बंधने घालून मालकांना नुकसानभरपाईची तरतूद केली. मोजणी तटापासून सांगितली आहे, यावरूनच तोफांचा मारा मोकळा राहावा हा मूळ हेतू दिसून येतो. कालांतराने दारूगोळ्याच्या कोठारांभोवतीची जमीन मोकळी ठेवण्यासही तो उपयोगी पडला. कोठाराबाहेरचा गावकरी त्यामुळे दूर राहिला. आतला माणूस होता तेथेच राहिला.

खात्याच्या नियमाला युद्धकाळी काय किंमत उरते, हे मुंबईने 14 एप्रिल 1944 रोजी पाहिले. स्फोटके वाहणारी जहाजे गोदीत न आणता भर समुद्रात पडावांवर रिकामी करावीत, ही शांततेच्या काळातील पद्धत युद्धाच्या निकडीने बाजूला सारली गेली होती. सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गाठी घेऊन आलेले ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. दुपारी कापसाला आग लागली आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. आग विझविणारे सहासष्ट बंबवाले त्यांत होते. मागाहून नुकसानभरपाईचा वटहुकूम निघाला, चौकशी झाली. दरवर्षी 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी आग लागून स्फोट झाले, तेव्हाही दोन लष्करी अधिकाऱ्यांबरोबर प्राण गमावणाऱ्यांत बहुसंख्य बंबवालेच होते.

दारूचा आणखी एक घाव आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. स्फोटाचा हवेतील धक्का कातडीवर ओरखडाही न उठविता मेंदूला इजा करू शकतो. 1915 साली चार्ल्स मायर्स या इंग्रज वैद्याने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. परंतु सैनिकाच्या देहावर असा किती दाब पडतो, याचा दीर्घकाळ अभ्यास करण्याची आज्ञा अमेरिकेच्या कायद्याने दिली ती 2017 च्या डिसेंबरात. मधली शंभर वर्षे तोफ डागणारा गोलंदाज कान दाबून उभा राहिला आणि डोके जड झाले म्हणून सांगण्यास लाजला.

कायद्याने भिंतीबाहेरचे अंतर यार्डांत मोजले. भिंतीच्या आत उभ्या असलेल्या माणसाकडे वळण्यास त्याला फार उशीर लागला. नियम पुष्कळ झाले, आणि त्यांतील बरेचसे कोणाच्या तरी मृत्यूनंतर झाले. परंतु घाईच्या वेळी जो मोडता येतो, तो नियम शिपायाला पुरा पडत नाही. हुकूम देणाऱ्यालाही बांधून ठेवील असे काहीतरी त्याच्या पाठीशी असावे लागते. जामा मशिदीच्या विहिरीपाशी रांगेत उभ्या असलेल्या जवानांच्या पाठीशी ते नव्हते.