साहेबाचा परदेश भत्ता आणि आमचं मीठ

कंपनीने परदेशी पाठवलेल्या माणसाचं 'पॅकेज' म्हणजे घरभाडं, विमानाची तिकिटं, चलनाच्या घसरणीची भरपाई आणि कराचा भार मालकाच्या डोक्यावर. ही आयटीवाल्यांची नवी चैन आहे असं अनेकांना वाटतं. पण आपल्या देशात असं पॅकेज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळत होतं. ते गोऱ्या साहेबाला मिळत होतं आणि त्याचं बिल पेण-जित्याच्या खाडीपट्ट्यातला माणूसही भरत होता.

इंग्रज अधिकाऱ्याचा पगार रुपयात, बायकामुलं मात्र विलायतेत. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुपया सुमारे दोन शिलिंगचा होता. चांदी कोसळली आणि १८९२-९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगवर आला. साहेबांनी ओरड केली आणि १८९३ मध्ये सरकारने विनिमय भरपाई भत्ता दिला. निम्मा पगार, वर्षाला एक हजार पौंडांच्या मर्यादेत, १ शिलिंग ६ पेन्स या सवलतीच्या दराने धरायचा आणि बाजारभावाशी पडणारा फरक तिजोरीतून द्यायचा. हा भत्ता इथे कायमचे स्थायिक नसलेल्या गोऱ्यांसाठी होता. त्याच कचेरीतल्या देशी कारकुनाला महागाई लागत नव्हती म्हणायची!

हिशेब करून पाहा. पगार दोन हजार रुपये. निम्मे हजार. बाजारभाव १५ पेन्स धरला, तर भरपाई महिना दोनशे रुपये. त्या वेळी देशी शिपायाचा पगार होता महिना सात रुपये.

तिजोरीत पैसा कुठून येत होता? १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला गेला. मीठ पिकवायला मणामागे काही आणेच लागत. पेण-उरणच्या मिठागरांत उन्हात राबणारा आगरी आणि गावकुसाबाहेर भाकरीबरोबर मीठ खाणारा महार, दोघांच्या तोंडातून तो कर वसूल होई. एका साहेबाची महिन्याची भरपाई म्हणजे ऐंशी मण मिठाचा कर.

याच काळात, १८९२ च्या सुमारास, महारांची सैन्यभरती बंद झाली. महाडजवळच्या रावढुळचे, सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार करत होते. साहेब वाढीव पगारासाठी भांडत होता, आपले पूर्वज सात रुपयांची नोकरी टिकावी म्हणून. वाटाघाटीची ताकद कोणाकडे होती, हे वेगळं सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात घसरत्या रुपयाची चिकित्सा करताना करवाढही मांडली आणि कुटुंबाला सोन्यात पैसे पाठवणाऱ्या गोऱ्या नोकराची अडचणही. शत्रूची अडचण नाकारून अर्थशास्त्र होत नाही. प्रश्न भरपाई कोणाच्या खिशातून, हा आहे.

१९२४ मध्ये ली आयोगाने पुन्हा तेच केलं: परदेश वेतन दोन शिलिंगच्या दराने विलायतेला पाठवण्याची सोय, साहेब आणि मेमसाहेबांना नोकरीच्या काळात चार परतीचे बोटप्रवास, मुलांचं भाडं वेगळं. मध्यवर्ती विधिमंडळाने अहवाल फेटाळला, तरी लंडनने बहुतेक शिफारशी लागू केल्या. त्याच्या आदल्याच वर्षी व्हाइसरॉयने विधिमंडळाला डावलून मीठकर दुप्पट केला होता.

आता आपली पोरं आखातात जातात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर परवानगीचा शिक्का लागतो आणि त्याच्यासाठी किमान वेतन आपलंच सरकार ठरवतं. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविड ऐन भरात असताना, सरकारने आखाती देशांसाठी ते ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणलं. कारण काय, तर नोकऱ्या दुसऱ्या देशांकडे जाऊ नयेत! तेलंगणातल्या कामगार संघटनांनी आवाज उठवला, कोर्टात गेल्या, आणि २०२१ मध्ये सरकारला मागे यावं लागलं. कोकणातून तेव्हा किती निवेदनं गेली? एजंटला कायद्याने तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं, हे तरी आपल्या किती पोरांना माहीत आहे? करार हातात येईल तेव्हा त्यात मूळ पगार किती, ओव्हरटाइम कसा, राहणं-जेवण कोणाचं आणि परतीचं तिकीट कोण काढणार, हे सही करण्याआधी वाचून घ्या.